पिंडा

(लॅ. पिंडा कोंकनेन्सिस, कुल – अंबेलिफेरी). गाजर, धणे व जिरे यांच्या चामर कुलातील ही लहान, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ आहे. सिंहगड, पुरंदर, महाबळेश्वर, कास इ. ठिकाणी खडकाळ उतारांवर, गवतात व रानाच्या कडेला ती समूहाने वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिच्या पांढऱ्या फुलांनी डोंगरउतार झाकून जातात.

मूळ ग्रंथिल (गाठीसारखे फुगीर) असते. पाने बहुतेक मुळालगतची व पिसासारखी विभागलेली. दले रुंद, गोलसर व दंतुर. देठाचा तळ खोडाला वेढणारा. फुलोरा संयुक्त चामर प्रकारचा, म्हणजे एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांप्रमाणे दांडे निघतात व प्रत्येक दांड्याच्या टोकास पुन्हा लहान छत्री असते. फुलात पाकळ्या व केसरदले प्रत्येकी पाच. किंजपुट अधःस्थ व दोन किंजदलांचा. फुलोऱ्याच्या कडेवरील फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या इतरांहून मोठ्या व दुभंगलेल्या असतात. पावसाळा संपल्यावर जमिनीवरील भाग वाळतो. मूळ मात्र जमिनीत सुप्त राहते व पुढील पावसात त्यातून नवी पाने फुटतात.

ओळख : संयुक्त चामरावरून वनस्पतीचे कुल सहज समजते, प्रजाती व जाती मात्र केवळ त्यावरून ठरत नाहीत, कारण या कुलातील बहुतेक वनस्पतींची फुले लहान व सारखीच दिसतात. येथे निर्णायक लक्षण पक्व फळ हे होय. ते पालिभेदी असून पिकल्यावर त्याचे दोन फलांश अलग होतात. फलांश एकमेकांस जोडणाऱ्या पृष्ठास समांतर असे फळ चपटे असेल, तर ते जोडपृष्ठ रुंद दिसते. दोन्ही बाजूंनी दाबलेले असेल, तर ते अरुंद दिसते. पिंडाचे फळ पहिल्या प्रकारचे असते. उलट, रानजिऱ्याचे (पिंपिनेला प्रजाती) फळ बारीक, अंडाकृती, बाजूंनी किंचित दाबलेले व पंखहीन असते. फळाच्या भित्तीतील तैलनलिकांची संख्या व लांबी यांचाही वर्गीकरणात उपयोग होतो.

या लक्षणांच्या अभ्यासामुळेच वनस्पतीचे शास्त्रीय नाव बदलले. एन. ए. डाल्झेल यांनी १८५० मध्ये तिचे वर्णन हेराक्लियम कोंकनेन्स या नावाने केले होते. पुढे पी. के. मुखर्जी व एल. कॉन्स्टन्स यांनी १९८६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापिली व ‘पिंडा’ हे स्थानिक नावच प्रजातिनाम म्हणून स्वीकारले. जातिनाम कोकणाचे निदर्शक आहे.

अचूक ओळखीस व्यावहारिक महत्त्वही आहे. खाद्य व मसाल्याच्या वनस्पतींप्रमाणेच अत्यंत विषारी वनस्पतीही या कुलात आहेत. सॉक्रेटीस यांना इ. स. पू. ३९९ मध्ये देण्यात आलेले हेमलॉक हे विष याच कुलातील कोनियम मॅक्युलेटम या वनस्पतीचे मानले जाते. त्यामुळे गाजराशी असलेल्या साम्यावरून रानातील अनोळखी वनस्पती खाणे धोक्याचे ठरते. ओळख पटविण्यासाठी मूळ उपटल्यास पुढील वर्षीची वाढच खुंटते. म्हणून फुलोऱ्याच्या काळी जागा हेरून ठेवून, फळे पिकल्यावर तेथे पुन्हा जाऊन वनस्पतीचे जागीच निरीक्षण करणे हा योग्य मार्ग होय.