ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी हे तपासा

सोलापूर : ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माढा, पंढरपूर, माळशिरसच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. मागे अडकलेली ऑटोमॅटिक कार हात-दोन हात पुढे सरकत राहते. थोड्या वेळानं जळका वास येतो, मीटरवरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागतो, आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही ओढत नाही. गॅरेजला नेली की अनेकदा पहिलंच वाक्य ऐकायला मिळतं, ‘गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल.’ तो खरंच गेलाय का, याचा अंदाज गाडी उघडण्याआधीच बऱ्यापैकी घेता येतो. क्लचचं बिल आणि अख्ख्या गिअरबॉक्सचं बिल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून हे घरीच पाहून घेतलेलं बरं.

आधी गाडी कोणत्या जातीची ते बघा

2014 साली मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या गावोगाव पोचल्या. तिच्यात ‘एएमटी’ आहे, मारुती त्याला ‘ऑटो गिअर शिफ्ट’ म्हणते. एएमटी म्हणजे आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. आपल्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम फक्त एक कॉम्प्युटर आणि ‘अ‍ॅक्च्युएटर’ नावाचा भाग करतो.

ओळखायचं सोपं आहे. गिअरच्या दांडीजवळ आर, एन, डी, एम एवढीच अक्षरं असतील आणि पार्किंगचा ‘पी’ नसेल, तर बहुतेक ती एएमटी. ‘पी’ असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डबल क्लचवाला डीसीटी. खात्री गाडीच्या पुस्तकात होते. ते पुस्तक डिकीत धूळ खात पडलेलं असतं, एकदा काढून वाचाच.

एएमटीत बहुतेक वेळा दुखणं कुठं असतं?

पहिला संशय क्लचवर घ्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर दांडी ‘एम’मध्ये टाका, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरवर 40 च्या आसपास न्या आणि रेस वाढवा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढतोय, पण वेग त्या मानानं वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. हे प्रकरण क्लच प्लेटचं, गिअरबॉक्सचं नव्हे.

क्लच जळण्याचं मोठं कारण आपली सवय आहे. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली की प्लेट घासत राहते. तुळजापूरच्या घाटात किंवा आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात हे सर्रास दिसतं. पूर्ण थांबायचं असेल तर ब्रेक दाबून थांबा, जास्त वेळ असेल तर एनमध्ये टाका, आणि पुढं चांगली जागा झाल्यावरच निघा.

दुसरा संशय बॅटरीवर. हा मुद्दा भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅक्च्युएटर विजेवर चालतो. बॅटरी मेली किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला, की गिअर पडत नाही, गाडी एनमध्ये अडकते किंवा सुरूच होत नाही. मल्टीमीटर कुठल्याही इलेक्ट्रिक वायरमनकडे मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी सकाळी साधारण 12.4 ते 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली असेल तर आधी बॅटरी बघा, गिअरबॉक्स नंतर. अनेक एएमटीत अ‍ॅक्च्युएटरचं तेल वेगळं असतं. त्याची पातळी कमी झाली असेल किंवा खाली गळती असेल तर गिअर अडखळतात.

‘पी’वाल्या गाड्यांचं गणित वेगळं

इथं सगळा खेळ तेलाचा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल नवं असताना बहुधा लाल असतं. ते काळपट तपकिरी झालं आणि जळका वास मारत असेल तर आत घर्षण वाढलंय. आर किंवा डीमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग दणका बसतो, हीही तेल कमी किंवा खराब असल्याची खूण असू शकते. सीव्हीटीत गिअर नसतात, पट्टा आणि दोन पुल्या असतात. त्यामुळे निघताना थरथर किंवा घरघर आली तर थांबू नका, लगेच दाखवा. या तेलाच्या जागी दुसरं ‘चालेल’ म्हणून कुणी ओतत असेल तर हात धरा. प्रत्येक प्रकाराचं तेल वेगळं.

कोडचा फोटो मागा

गाडीला स्कॅनर लावला की कोड निघतो. ‘पी 0700’ आला म्हणून गिअरबॉक्स बाद होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडं काहीतरी नोंद आहे. खरा कोड त्याच्या आत असतो, तो वाचायला त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो. मोबाईलला जोडायच्या स्वस्त यंत्रांपैकी बरीचशी फक्त इंजिनचेच कोड दाखवतात. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या. बॅटरीची तार काढून ‘दिवा घालवून’ देणाऱ्यानं पुरावाच पुसलेला असतो. आणि एएमटीची क्लच प्लेट बदलली की स्कॅनरनं कॉम्प्युटरला नवा क्लच ‘शिकवावा’ लागतो. ते केलं नाही तर नवीन प्लेट टाकूनही झटके तसेच राहतात, आणि मग पुन्हा गिअरबॉक्सवर आळ येतो.

रस्त्यात बंद पडली तर

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू करायच्या नादी लागू नका. ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढायची तर अजिबात घाई करू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन बंद असलं की तेलाचा पंपही बंद असतो. चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडेच घासतात, आणि शाबूत गिअरबॉक्स गावापर्यंत येईतो खरंच जातो. अशी गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या क्रेनवर न्या. नाहीच मिळाली, तर निदान इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची, उचललेली असली पाहिजेत.