जुन्या घरास नवें स्वयंपाकघर

छत्रपती संभाजीनगरांत जुन्या घरास स्वयंपाकघर जोडावयाचें झाल्यास महानगरपालिकेची परवानगी घेऊन प्रथम पायाचा विचार करावा. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते. जुनी भिंत स्थिरावलेली असते. नवी अद्याप बसावयाची असते. दोन्ही एकजीव केल्यास सांध्याशीं तडा जातो. म्हणून पायाचा चर काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा. दोन्ही भिंतींमध्यें फट राखून ती लवचिक भरणानें बुजवावी.

अंदाजपत्रकांत पाया, सांडपाणी व छप्पर आधीं मांडावें. शंभरांतील पंधरा रुपये अनपेक्षित कामासाठीं राखावे. उरलेल्यांत ओटा व फरशी बसवावी. फरशी पुढल्या वर्षींहि घालतां येईल. खचलेल्या पायासाठीं मात्र उभें घर उकरावें लागतें.