पालकांची समिती शिक्षकांच्या कामी कशी येते?



गेल्या दिवाळीनंतर आपल्या महिला मंडळाने जमवलेल्या पैशांतून आम्ही रामटेक तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत दप्तरे वाटली. गाव देवलापारच्या पुढे, जंगलाला लागून आहे. वस्ती बहुतेक गोंड. पहिली ते चौथीची चाळीसेक मुले आणि शिक्षक दोन. फोटो झाले, चहा झाला. निघताना मी बाईंना सहज विचारले, आणखी काही हवे आहे का? त्या थोड्या संकोचल्या. मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण यंदा दप्तरं देणारे तुम्ही तिसरे. मला सकाळी दोन तास कोणीतरी गोंडी बोलणारं माणूस हवं आहे. पहिलीतल्या पोरांना मी काय बोलते तेच कळत नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. चूक माझीच होती. देण्याआधी मी विचारले नव्हते. पण मला दुसरीही गोष्ट टोचत होती. बाईंनी ही गरज आम्हाला सांगितली, गावाला का नाही सांगितली? गावात पालकांची समिती तर होती.

ही समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असेही कायदा म्हणतो. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, ही तिची कामे.

मी पुढच्या खेपेला समितीचे रजिस्टर पाहिले. दर महिन्याची सभा लिहिलेली, खाली सह्या आणि अंगठे. सभा कधी भरते, असे एका सदस्य आईला विचारले. ती हसून म्हणाली, "सही कराले बोलावते, त येतो आमी. बाकी आमाले का समजते?"

यात दोष कोणा एकाचा नाही. सभा दुपारी ठेवली की कापूस वेचायला गेलेल्या बाईची मजुरी बुडते. बाईंनाही सह्या हव्याच असतात, कारण कागद वर पाठवायचा असतो. म्हणून रजिस्टर घरोघरी फिरते. आम्ही एवढेच सुचवले की सभा संध्याकाळी साडेसातला, शाळेत नव्हे तर समाजमंदिरात घ्यावी. पहिल्या सभेला अकरा माणसे आली. बाईंना त्या रात्री गावातच मुक्काम करावा लागला, हे मुद्दाम लिहिते. सोय एकाची झाली की दुसऱ्याची गैरसोय होतेच.

सभा तापली ती पैशांवरून. 'शाळेचे पैसे जातात कुठे?' हा प्रश्न गावात बराच काळ कुजबुजत होता, तोंडावर कोणी विचारला नव्हता. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान असते आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हा आकडा समितीतल्या एकाही पालकाला ठाऊक नव्हता. बाईंनी हिशेबाची वही वाचून दाखवली. विजेचे बिल, खडू, कागद, झाडू, फिनेल, नळाची दुरुस्ती. रक्कम उशिरा आली होती, तोवर बाईंनी स्वतःच्या पाकिटातून चार-पाच वेळा भागवले होते, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलेही नव्हते. एक वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे पयलेच सांगाचं ना." त्यानंतरची सभा वेगळीच झाली.

मग बाईंना अध्यक्षांनी विचारले, तुमचा वेळ जातो कुठे? शिक्षकांचा हा प्रश्न राज्यभरचा आहे. 'आम्हाला शिकवू द्या' अशी मागणी त्यांच्या संघटना करत आल्या आहेत. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरे अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरणे, बैठका आणि पोषण आहार यांतच दिवस सरतो. दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चार वर्ग एकट्या बाईंकडे. ऑनलाइन माहितीत पालक काही करू शकत नाहीत, पण पोषण आहारात करू शकतात. प्राथमिकच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य ठरलेले आहे आणि वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून पाहायचे असते. आता रोज दोन आया पाळीने येतात. तांदूळ मोजताना उभ्या राहतात, चव घेतात, पोरांना हात धुवायला लावतात, पंगत बसवतात. नोंदीची जबाबदारी मुख्याध्यापकांचीच आहे, ती कोणी घेऊ शकत नाही. तरी बाईंच्या मते त्यांना रोज पाऊण तास मिळू लागला.

आणि गोंडीचे काय? समितीनेच एका सत्तरीच्या आजींचे नाव काढले. त्या सकाळी पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. गोष्ट सांगतात, बाई मराठीत सांगतात तेच पोरांना गोंडीत समजावतात. बाईंनीही वही केली आहे, तिच्यात येर म्हणजे पाणी, रोन म्हणजे घर, असे शब्द उतरवलेले. मातृभाषेतून शिकवणे शक्य तेथे व्हावे, असे कलम २९ मध्येच आहे. ती वही पाहून मला स्टीफन हिस्लॉप आठवले. एकोणिसाव्या शतकात नागपुरात आलेल्या या मिशनऱ्याने गोंडांचे शब्द आणि गाणी टिपून ठेवली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापली गेली. ज्यांना शिकवायचे त्यांची बोली आधी शिकावी लागते, हे आपल्या मिशनला नवे नाही.

सगळेच सुटले असे नाही. बाई नागपूरहून ये-जा करतात आणि बस चुकली की उशीर होतो. समितीने त्यांना तोंडावर विचारले, आणि मला ते योग्य वाटले. शिक्षकांनी वेळेवर येणे हेही कायद्यातच आहे आणि मदत करायची म्हणजे चुकांवर पांघरूण घालायचे असे नव्हे. गावाने एक खोली देऊ केली. बाईंची स्वतःची मुले नागपुरात शिकतात, त्यांनी नाही म्हटले. पाच-सहा दिवस सगळे जरा अवघडले. आता बाई आधीची बस पकडतात. पण या उन्हाळ्यात त्या बदलीसाठी अर्ज करणार आहेत, आणि मी त्यांना थांबा म्हणू शकले नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पोरे पहाटेच रानात जातात आणि वर्ग रिकामा पडतो. त्यावर समितीत अजून एकमत नाही. मोहाचा पैसा घराला लागतो, हे सगळ्यांना कळते. इतर जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फतच हंगामी वसतिगृहे चालवली गेली. आईवडील कामावर जातात, मूल गावातच नातेवाइकांकडे राहते, आणि दोन वेळचे जेवण शाळेत मिळते. आमच्याकडे लोक गाव सोडून जात नाहीत. म्हणून उपाय वेगळा शोधावा लागेल.

आपल्यापैकी अनेकांची मुले शहरातल्या खासगी शाळांत आहेत. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने त्याला फीबाबत अधिकारही आहेत. माझ्या मुलीच्या शाळेतल्या त्या सभांना मीही गेले आहे. दीड तास फी, बस आणि गॅदरिंग. तुम्हाला काय अडचण आहे, असे शिक्षकांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते.

मंडळ्यांना एक विनंती. शाळेला काही द्यायचे असेल तर आधी समितीच्या सभेत विचारावे आणि दिलेले रजिस्टरमध्ये नोंदवून घ्यावे. शाळा सरकारी आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे संविधानाच्या कलम २८ मध्ये आहे, म्हणून तिथे जाताना पत्रके बरोबर नेऊ नयेत. आपण गावाचे शेजारी म्हणून जातो. आजींना द्यायला अनुदानात तरतूद नाही. समितीने आम्हाला विचारले, आणि त्यांच्या मानधनासाठी कापणीच्या सणाच्या दानातला काही भाग ठेवावा असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे. निर्णय व्हायचा आहे.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. समितीची दोन वर्षे जुलैत संपतात, तेव्हा पालकसभेत नवी समिती निवडली जाईल. ती रजिस्टर पाहून हसणारी आई या वेळी अध्यक्षपदासाठी उभी राहणार म्हणते. सभा संध्याकाळी साडेसातला, समाजमंदिरात आहे. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणावी, हातपंप अजून दुरुस्त झालेला नाही.