साखरेचा काटा, साखरेची काच

औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत नागनाथाचं दर्शन घेऊन बाहेर पडलं की साखरफुटाणे, रेवड्या आणि शेंगदाण्याची चिक्की मांडलेली दिसते. दाणा आणि गोडवा, एवढाच तिन्हींचा ऐवज. तरी साखरफुटाणा दाताखाली भुरभुरतो आणि चिक्की कटकन तुटते. हा फरक पाकातल्या पाण्याचा आणि साखरेच्या रेणूंच्या बसण्याचा आहे.

खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. असा दाट पाक दाण्यावर पडून सुकू लागला की जास्तीची साखर पाण्यात राहू शकत नाही. तिचे रेणू रांगेत बसतात, स्फटिक होतात. साखरफुटाणा असाच थरावर थर चढत तयार होतो.

संक्रांतीचा काटेरी हलवा ही या कलेची सगळ्यात देखणी पायरी. तीळ, खसखस, शेंगदाणे, काजू, बदाम असं काहीही परातीत मंद आचेवर घ्यायचं, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि हलक्या हाताने हलवत राहायचं. दाण्यावर जिथे जरासा उंचवटा असतो, तिथे पाक आधी लागतो. उंचवटा आणखी वाढतो आणि काटा फुटतो. घाई केली की काटा येत नाही. जपानमध्ये कोन्पेइतो नावाची अशीच शिंगं फुटलेली मिठाई आहे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिकडे नेलेली. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाला त्या शिंगांनी कोड्यात टाकलं होतं. आपल्या घराघरांतल्या बायका तेच कोडं हाताने सोडवत आल्या, याचा मला फार आदर वाटतो.

चिक्कीत नेमकं उलट हवं असतं. साखरेचा पाक 150 अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा त्यात पाणी जेमतेम 1 टक्का उरतं. तो झटकन थंड झाला की रेणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. ते जसे असतील तसे गोठतात. ही साखरेची काच. गुळात मुळातच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. हे परके रेणू मध्ये घुसून स्फटिकांची रांग मोडतात, म्हणून गुळाची चिक्की सहसा साखरत नाही. साखरेच्या पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी: आम्लाने साखर फुटून हेच दोन घटक तयार होतात.

रेवडीचा पाक गरम असतानाच वारंवार ताणतात. त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, म्हणून ती अपारदर्शक आणि खुसखुशीत होते.

पावसाळ्यात मात्र काचेची पंचाईत होते. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाईपर्यंत साखरेचा स्वच्छ स्फटिक फारसं पाणी धरत नाही; काच त्याच्या खूप आधी ओल ओढायला लागते, आणि गुळातलं फ्रुक्टोज तर ओलीचं हावरंच. त्यामुळे आषाढात उघडी राहिलेली चिक्की संध्याकाळपर्यंत चिवट होते.