इंग्रजी बोलायचे पुस्तक कसे निवडावे?

विक्रोळी ही कष्टकऱ्यांची वस्ती. पार्कसाइट, टागोरनगर, कन्नमवारनगर, कुठेही जा. घरटी एक तरी माणूस कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात नाहीतर कचेरीत कामाला जातो. मराठी लिहायला-वाचायला आले की यातले पुष्कळ जण आम्हांला विचारतात, "आता थोडं इंग्रजी बोलायला शिकायचं आहे. पुस्तक कोणतं घेऊ?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर जपून द्यावे लागते. पुस्तक चुकले तर पैसे जातात, ते एक वेळ चालेल. पण चौथ्या-पाचव्या धड्यावर गाडी अडते आणि माणूस म्हणतो, "माझ्या डोक्यात काही शिरत नाही." मग तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. दोष पुस्तकाचा असतो, खापर मात्र तो स्वतःवर फोडतो. म्हणून पुस्तक कसे पारखावे, ते आपण पाहू.

पहिली गोष्ट ही की, इंग्रजी येत नाही यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधी ते साधारण पाचवीत सुरू होई. ज्यांची शाळा चौथीतच सुटली, त्यांना ते शिकायला मिळणार कुठून? शिवाय राज्याची राजभाषा मराठी आहे. 1964 साली तसा कायदाच झाला. सरकारी कचेरीत मराठीत बोलायचा आपला हक्क आहे. इंग्रजी शिकायचे ते गरजेपुरते. मराठी टाकून द्यायची म्हणून नव्हे.

आपल्याला काय येते ते आधी मोजा

आपण अगदी कोरे नसतो. स्टेशन, तिकीट, पास, फास्ट, स्लो, शिफ्ट, ओव्हरटाइम, मशीन, डॉक्टर, इंजेक्शन, बिल, फॉर्म, हे सारे शब्द आपण रोज बोलतो. एका संध्याकाळी घरच्यांनी बसून अशी यादी करावी. ती केवढी लांबते हे पाहून तुमचे तुम्हांलाच नवल वाटेल. चांगले पुस्तक या शब्दांपासून सुरुवात करते. आपल्याला शब्द येतात, अडते ते वाक्य जुळवताना.

बाजारात कोणती पुस्तके मिळतात?

एक, भाषांतराची पुस्तके. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नियम समजून घ्यायचा, मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, अशी तिची रीत. लिहिण्या-वाचण्याचा पाया तिने पक्का होतो. पण जीभ मोकळी व्हायला वेळ लागतो.

दोन, व्याकरणाची पुस्तके. रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक शाळा-कॉलेजांत नावाजलेले आहे. पण ते सारे इंग्रजीतच आहे. ज्याला थोडेफार इंग्रजी येते त्यालाच त्याचा उपयोग. नवशिक्याने ते हाती घेऊ नये.

तीन, दिवसांच्या हिशेबाने शिकवणारी पुस्तके. रॅपिडेक्सचे पुस्तक साठ दिवसांत वाटलेले आहे आणि ते मराठीतूनही मिळते. घरबसल्या शिकणाऱ्याला त्यात वाक्ये भरपूर सापडतात. मात्र साठ दिवस म्हणजे साठच दिवस, असे धरून बसू नये. एका दिवसाचा धडा आठ दिवस पुरला तरी बिघडत नाही.

चार, परदेशात छापलेली संवादाची पुस्तके. चित्रे सुरेख, कागद गुळगुळीत. पण त्यांतली माणसे बर्फाच्या गप्पा मारतात आणि हॉटेलात काटे-चमचे मागवतात. मराठीतला अर्थ कुठेच नसतो आणि किंमतही चढी असते.

दुकानात उभे राहून पाच गोष्टी पाहा

1. तिसरा धडा उघडा. पहिला धडा सगळ्यांचाच सोपा असतो. तिसऱ्या धड्यात कोण कोणाशी बोलते ते पाहा. घाटकोपरच्या फलाटावर आपल्याला विचारावे लागते, "डज धिस ट्रेन स्टॉप ॲट विक्रोळी?" म्हणजे, ही गाडी विक्रोळीला थांबते का? समोरचा म्हणतो, "नो, इट इज अ फास्ट ट्रेन." अशी आपल्या कामाची वाक्ये असतील तर पुस्तक घ्या. "हे पेन आहे, ती खुर्ची आहे" एवढेच असेल तर ठेवून द्या. पेन आहे हे समोरच्याला दिसतेच!

2. नवे शब्द मोजा. एका धड्यात आठ-दहा नवे शब्द पुष्कळ झाले. तेच शब्द पुढच्या धड्यांत पुन्हा यायला हवेत. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने 1930 साली अवघ्या 850 शब्दांचे सोपे इंग्रजी तयार केले होते. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली शिकणाऱ्यांसाठी नेहमीच्या सुमारे 2000 शब्दांची यादी छापली. थोड्या शब्दांत पुष्कळ काम भागते, हे या दोघांनी दाखवून दिले. जाडजूड पुस्तक म्हणजे चांगले पुस्तक नव्हे.

3. उच्चार देवनागरीत दिला आहे का ते पाहा. सुरुवातीला त्याचा मोठा आधार होतो. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. लिहायचे पेन आणि दुखण्याला म्हणतात ते पेन, आपण दोन्ही सारखेच लिहितो. पश्चिम दिशा म्हणजे वेस्ट आणि वाया गेलेले तेही वेस्ट. इंग्रजीत हे उच्चार निराळे आहेत. म्हणून ज्या पुस्तकाबरोबर ऐकायची सोय आहे ते बरे. हल्ली मोबाइलवरही शब्द ऐकता येतो. आधी कानाने ऐकावे, मग तोंडाने म्हणावे.

4. वाक्याची घडण कशी समजावली आहे ते पाहा. आपण म्हणतो, "मी चहा पितो." इंग्रजीत होते, "आय ड्रिंक टी." म्हणजे मी, पितो, चहा. आपले क्रियापद शेवटी बसते, त्यांचे मध्ये येते. पुस्तकाने हे एकदा सांगावे आणि मग तसली वीस वाक्ये म्हणायला लावावीत. नियमांची पानेच्या पाने नकोत.

मोठ्या माणसाशी कसे बोलावे, हेही पुस्तकात हवे. मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन शब्द आहेत. इंग्रजीत तिघांनाही एकच 'यू'. मग आदर कसा दाखवायचा? 'प्लीज' म्हणून, 'सर', 'मॅडम' म्हणून. "गिव्ह मी वॉटर" हा हुकूम झाला. "कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?" ही विनंती झाली.

5. पुस्तक मोठ्या माणसासाठी आहे ना? सफरचंद नि फुग्यांची चित्रे लेकरांना शोभतात. ज्या बाईने संसार ओढला, ज्या गड्याने वीस वर्षे मशीन चालवले, त्यांना पुस्तकानेही मानाने वागवावे. अक्षरही ठसठशीत हवे. अभ्यास बहुधा रात्री दिव्याखाली होतो.

ही दोन वाक्ये नसतील तर पुस्तक अपुरे

"आय डू नॉट अंडरस्टँड." मला समजले नाही. "प्लीज टेल मी इन मराठी." कृपा करून मराठीत सांगा.

पुष्कळ पुस्तके ही वाक्ये फार उशिरा देतात. तोवर आपण लाजेने नुसते "यस, यस" म्हणत राहतो. आता असे समजा, डॉक्टर म्हणाले, "बिफोर फूड", म्हणजे जेवणाआधी. आपण मान हलवली आणि गोळी जेवणानंतर घेतली. औषधाचा गुण कमी होईल, कधी अपायही होईल. तीच गत कागदांची. घराचा करार असो की कर्जाचा फॉर्म असो, न समजता "यस" म्हणून सही केली तर पुढे पस्तावायची पाळी येते. म्हणून इतर काही येवो न येवो, ही दोन वाक्ये तोंडपाठ असावीत.

अक्षरांचे काय?

इंग्रजी अक्षरे सव्वीस. ती रोज दोन-तीन गिरवावीत. पण ती पुरी होईपर्यंत बोलणे थांबवू नये. आपल्या स्टेशनचीच पाटी वाचून पाहा. व्ही, आय, के, एच, आर, ओ, एल, आय. आठ अक्षरे. यात 'एच' कशाला आला? आपण तर 'विखरोळी' म्हणत नाही. आणि 'ळ' कुठे आहे? त्याला इंग्रजीत अक्षरच नाही. म्हणजे इंग्रजीत लिहिणे एक आणि बोलणे एक. स्पेलिंग चुकले म्हणून खट्टू व्हायला नको.

पुस्तक घेतल्यावर

एकट्याने मनात वाचू नका. शेजारची मैत्रीण, कामावरचा सोबती, नाहीतर शाळेत जाणारी आपली मुलगी जोडीला घ्या. एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे. मग अदलाबदल करावी. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण खाडा नको. चौघांनी वर्गणी काढून एकच प्रत घेतली तरी चालेल. घेण्याआधी वाचनालयात मिळाली तर आठ दिवस घरी आणून पाहावी.

आठ दिवसांनी एकच विचार करा. यातले एखादे वाक्य मी बाहेर कुठे बोललो का? बोलला असाल तर पुस्तक तुमचे आहे. नसेल तर ते बाजूला ठेवा आणि दुसरे पाहा. शिकणे मात्र सोडू नका.