खिळ्यांवर उभे राहिलेले संसार

१९६०च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या एखाद्या दैनिकाच्या जुळणी विभागात रात्रपाळीला कोणी डोकावलं असतं, तर लिनोटाइप या जुळणीयंत्रांच्या रांगेआडून हातवाऱ्यांनी चाललेल्या गप्पा हमखास दिसल्या असत्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये कर्णबधिर जुळाऱ्यांचा मोठा गोतावळाच होता. यंत्रांचा खडखडाट असा की ऐकू येणाऱ्यांनाही ओरडून बोलावं लागे. म्हणूनच बहिऱ्यांना हे काम मिळालं, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आवाजाचा त्रास होत नाही एवढ्या भांडवलावर कोणी कोणाला चाळीस वर्षं पगार देत नाही. खरं कारण असं की, या धंद्यात हुकूम कागदावर येई. मजकूर लिहिलेला, टंकाचा आकार आणि ओळीची रुंदी समासात नोंदलेली, चूक दाखवायची तीही मुद्रितावर खूण करून. तोंडाने सांगण्यासारखं उरे फार थोडं.

शिवाय हे काम त्यांना शाळेतच शिकवलेलं असे. अमेरिकेतल्या बहिऱ्या मुलांच्या शाळांमध्ये सुतारकाम, चांभारकाम यांच्या जोडीला छापखाना आला. नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळेने १८४९मध्ये स्वतःचं नियतकालिक काढलं आणि मग शाळाशाळांतून अशी पत्रं निघू लागली. मुलं स्टिक या हातातल्या छोट्या चौकटीत खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, लावत, उलटी अक्षरं सुलट वाचायला शिकत. इंग्रजी कानावर न पडलेल्या मुलाच्या हातातून ती भाषा अक्षर-अक्षर करून जात होती. भाषा शिकवण्याची याहून चांगली पद्धत त्या काळातल्या किती वर्गांत होती, मला शंका आहे.

एडमंड बूथ या माणसाचं आयुष्य पाहिलं की या धंद्याने काय दिलं ते कळतं. जन्म १८१०चा, मॅसॅच्युसेट्समधला. लहानपणच्या आजारात एका डोळ्याची दृष्टी गेली आणि पुढे ऐकूही येईनासं झालं. हार्टफर्डच्या शाळेत शिकून तो तिथेच शिक्षक झाला. १८३९मध्ये आयोवात गेला, घरं बांधली, मेरी ॲन वॉलवर्थ या कर्णबधिर मुलीशी लग्न केलं. १८४९मध्ये सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला आणि पाच वर्षांनी बायकोमुलांकडे परतला. मग ॲनामोसा गावच्या ‘युरेका’ या वृत्तपत्रात शिरला, त्याचा मालक-संपादक झाला आणि गुलामगिरीविरुद्ध लिहीत राहिला. पश्चिमेकडे बहिऱ्यांचं वेगळं राज्य वसवावं, अशी कल्पना एकाने मांडली तेव्हा बूथने तिला ठाम विरोध केला. शेजाऱ्यांमध्येच राहायचं, हा त्याचा आग्रह होता. १९०५मध्ये तो गेला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचा होता.

१८८६मध्ये ऑटमार मर्गेनथालरचं लिनोटाइप ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये सुरू झालं. हाताने जुळणी करणारे धास्तावले. बहिरे जुळारी या यंत्रावरही बसले. नव्वद कळा. कळ दाबली की वरच्या पेटीतून पितळी साचा घरंगळत येऊन ओळीत उभा राहतो. शब्दांमध्ये पाचरी असतात. त्या वर ढकलल्या की ओळ दोन्ही कडांना घट्ट बसते. मग शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यांवर येतो आणि अख्खी ओळ एका चकचकीत पट्टीच्या रूपात बाहेर पडते, हाताला चटका देण्याइतकी गरम. साचे आपापल्या दातांच्या खुणेने पुन्हा आपापल्या खणात जातात. ओळ सैल राहिली तर फटीतून तोच रस पिचकारीसारखा उडतो. ऐकू येणारा कामगार यंत्राची कुरकुर कानाने ओळखे. बहिऱ्याला ती तळहाताला आणि पायाखालच्या फरशीतून जाणवे.

पण संसार उभे राहिले ते कामगार संघटनेच्या कार्डामुळे, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुद्रकांच्या संघटनेने ठरवलेला दर कार्डधारकाला मिळे, मग त्याला ऐकू येवो न येवो. कार्ड खिशात घालून दुसऱ्या शहरात जावं, बदली कामगार म्हणून उभं राहावं, सेवाज्येष्ठता वाढली की दिवसपाळी मागावी. त्या पगारातून घराचे हप्ते फिटत. लग्न बहुधा शाळेतल्याच ओळखीचं, मुलं बहुतेक वेळा ऐकू येणारी. दारावरची घंटा दाबली की घरात दिवा लागे. टेलिफोन मात्र पोराकडे असे: दवाखान्याची वेळ, बँकेचं काम, सगळं सात-आठ वर्षांचं मूल आईबापांसाठी बोले. १९६४मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने जुनी टेलिप्रिंटर यंत्रं टेलिफोनला जोडून लिहून बोलायची युक्ती काढली. तेव्हा ती अवजड लोखंडी धुडं लोकांनी कौतुकाने दिवाणखान्यात आणून ठेवली.

पुढे लिनोटाइपच्या जागी फोटो-जुळणी आणि संगणक आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २ जुलै १९७८चा अंक शेवटचा शिशात जुळवला. न्यूयॉर्कच्या मुद्रकांना १९७४च्या कराराने तहहयात नोकरीची हमी मिळाली होती. लिनोटाइपवर आयुष्य घालवलेली माणसं कागदाच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवू लागली. पगार चालू राहिला, पोरं कॉलेजात गेली. पण ती हमी त्या माणसापुरती होती. तो निवृत्त झाला की त्याची जागाही संपे. शाळांमधले छापखानेही मग एकेक करून बंद पडले, आणि चौदाव्या वर्षी हातात स्टिक देऊन विसाव्या वर्षी कमावता करणारी ती वाट पुढच्या मुलांना मिळाली नाही.