सात घंटा, ५०४० क्रम

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात रविवारी सकाळी चर्चच्या घंटा घुमू लागल्या, तर त्यात ओळखीची चाल शोधू नये. चाल नसतेच. आधी उंच स्वरापासून खर्जापर्यंत सगळ्या घंटा ओळीने वाजतात. मग त्यांच्या जागा बदलू लागतात, दर फेरीला क्रम वेगळा. याला ‘चेंज रिंगिंग’ म्हणतात. तिथले शिक्षक, सुतार, आजीआजोबा आणि शाळकरी मुलं हा खेळ चार शतकं हौसेनं खेळत आली आहेत.

आपल्या देवळातली घंटा जागेवर राहते, आपण लोलक हलवतो. इंग्रजी मनोऱ्यात घंटा मोठ्या चाकाला जोडून टांगलेली असते आणि वाजवण्याआधी तोंड वर करून उभी केलेली असते. खालच्या खोलीतून दोर ओढला की तिचा तोल सुटतो. पूर्ण फेरी मारून ती पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. एका फेरीला एक ठोका. पुढच्या ओढीला फेरी उलट्या दिशेनं. दोरावर पकडीच्या जागी रंगीत लोकरीचा जाड पट्टा असतो, त्याचं नाव ‘सॅली’. पहिल्या ठोक्याला सॅली ओढून सोडायची, ती छताकडे झेपावते. दुसऱ्या ठोक्याला हातात फक्त दोराचं टोक. सॅली वेळेवर सुटली नाही तर दोर माणसालाच वर खेचू शकतो. म्हणून नवख्याला शिकवणारा अगदी समोर उभा राहतो आणि सुरुवातीचे काही दिवस दोघांचे हात एकाच दोरावर असतात. लिव्हरपूल कॅथीड्रलच्या संचातली सर्वांत मोठी घंटा सुमारे चार टनांची आहे. मनगटाच्या जोरापेक्षा इथे तोल ओळखण्याला महत्त्व आहे.

या वजनातूनच खेळाचा नियम जन्मला. फिरती घंटा फार घाईनं वाजवता येत नाही, फार रोखूनही धरता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीत ती एक जागा पुढे जाते, एक मागे येते किंवा आहे तिथेच राहते. चार घंटांचं साधं उदाहरण पाहा: १२३४, २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि पुन्हा १२३४. फक्त १ वर बोट ठेवून वाचा. ती एकेक पायरी शेवटापर्यंत जाते, तिथे दोन ठोके थांबते आणि तशीच परत येते. बाकीच्या घंटाही हीच वाट चालतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणाहून निघतात.

दुसरा नियम असा की मधे एकही क्रम दोनदा येता कामा नये. चार घंटांचे २४ क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. पाच हजारांहून अधिक क्रम सलग वाजवले की त्याला ‘पील’ म्हणतात. त्याला साधारण तीन तास लागतात आणि समोर कागद ठेवायची पद्धत नाही, सगळं तोंडपाठ. असा पहिला अचूक पील १७१५ मध्ये नॉर्विचला झाल्याचं मानलं जातं. आठ घंटांचे सगळे ४०,३२० क्रम १९६३ मध्ये लफबरोच्या घंटा-कारखान्यात आठ जणांनी वाजवले. जवळजवळ अठरा तास, एकही माणूस न बदलता.

मराठी वाचकाला ५०४० हा आकडा जवळचा वाटायला हवा. फेबियन स्टेडमन या लंडनच्या मुद्रकानं घंटांच्या क्रमांवरचं आपलं पुस्तक १६७७ मध्ये काढलं. त्याच्या चार शतकं आधी, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले होते. कितवा क्रम कोणता, हे शोधायला खंडमेरूची युक्तीही दिली होती. भेंडीबाजार घराण्याची मेरुखंड गायकी याच विचारावर उभी आहे. दोन्हीकडचं गणित एकच. पण गवय्याच्या एका गळ्यात सातही स्वर असतात, मनोऱ्यात मात्र एका माणसाच्या वाट्याला एकच स्वर येतो.

मला या छंदाचं मोल इथेच दिसतं. आठ घंटांना आठ माणसं लागतात, एकजण आला नाही तरी बेत बदलतो. म्हणून आठवड्याचा सरावाचा दिवस सहसा चुकवला जात नाही. सराव संपला की मंडळी पबमध्ये बसतात. श्रद्धेची चौकशी कोणी करत नाही, नास्तिकही दोर धरतात. परगावचा वादक आला तर त्याच्याही हाती दोर दिला जातो. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० वादक मारले गेले. युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, २०१८ मध्ये, तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम निघाली. स्मारकाची ही कल्पना मला दगडी स्तंभापेक्षा खूप मोठी वाटते.

हातघंटा याच घरातल्या. मनोऱ्याबाहेर सराव करता यावा म्हणून वादक त्या वापरू लागले. चामडी मुठीच्या या घंटांचा लोलक फक्त पुढे-मागे हलतो, त्यामुळे ठोका नेमका पडतो. लंडनमध्ये वादन केलेल्या मार्गारेट शर्क्लिफ यांना १९०२ मध्ये हातघंटा भेट मिळाल्या, त्या त्यांनी बॉस्टनला नेल्या. पुढे अमेरिकेत हातघंटांची वृंदं उभी राहिली. ती चालीच वाजवतात, स्वरलिपी समोर ठेवून. वादक हातमोजे घालतात, कारण बोटांच्या घामानं कासं काळवंडतं.

लफबरोच्याच टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आहेत. टिळक-रानड्यांच्या चहाप्रकरणामुळे पंचहौद मिशनचं नाव आपल्याला ठाऊक आहे, या घंटा मात्र फारशा कुणाला माहीत नसतात. पण सुरुवात करायला मनोरा लागत नाही. चौघं जमली आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक हातघंटा आली की आठांचा संच पुरा होतो. मेरुखंडाचा रियाज केलेल्या पुण्या-मुंबईच्या तरुण गायकांनी हे एकदा करून पाहावं, असं मला फार वाटतं.